सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवण्याआधी: या चुका टाळा

छातीत दुखलं की घरातलं कुणीतरी धावत जाऊन सॉर्बिट्रेट आणतं आणि जिभेखाली ठेवतं. डॉक्टरांनी ज्यांना लिहून दिली आहे त्यांच्यासाठी ही गोळी फार उपयोगाची आहे. पण ती रक्तवाहिन्या सैल करते, म्हणजे बीपी उतरवते, आणि ती घेणारा माणूस बहुतेक वेळा आधीच बीपीच्या एक-दोन गोळ्यांवर असतो. कॅज्युअल्टीत मला सगळ्यात जास्त चीड येते ती हा हिशेब कुणी करत नाही याची.

एका मे महिन्यात लग्नाच्या हॉलमधून साठीच्या गृहस्थांना आणलं. सकाळी बीपीसाठी टेल्मिसार्टन-अ‍ॅम्लोडिपिन, रात्री प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन, त्यात उकाडा आणि पोटात पाणी नाही. कळ आली तेव्हा एका पाहुण्याने त्यांना उभ्यानेच ५ मिलिग्रॅमची गोळी दिली. आराम पडेना म्हणून दुसऱ्याने स्वतःच्या पाकिटातली आणखी एक दिली. ते तिथंच कोसळले, कपाळ फुटलं. आमच्याकडे आले तेव्हा वरचं बीपी ७० होतं. ईसीजीत हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका दिसत होता. ईसीजीच्या लीड (वायरी) छातीच्या उजव्या बाजूला लावल्या तर हृदयाचा उजवा कप्पाही झटक्यात सापडल्याचं दिसलं. अशा झटक्यात उजवा कप्पा शिरांतून परत येणाऱ्या रक्ताच्या जोरावर चालतो आणि नायट्रेट, म्हणजे सॉर्बिट्रेटच्या जातीचं औषध, नेमकं तेच रक्त शिरांत अडकवतं. सलाइनवर बीपी वर आलं, मग अँजिओप्लास्टी झाली, ते वाचले. मदत करणाऱ्या दोघांचं मन साफ होतं. तुम्ही कोणत्या गोळ्या घेता, एवढं मात्र कुणीच विचारलं नाही.

माझी पद्धत ठरलेली आहे. आधी १०८ ला फोन, मग माणसाला बसवायचं, मग बीपी मोजायचं. वरचा आकडा ९० च्या खाली असेल तर नायट्रेट द्यायचंच नाही; घरच्यांना मी १०० सांगते, कारण घरची मशीन थोडी इकडेतिकडे दाखवते. दुसऱ्याच्या नावची गोळी कधीच द्यायची नाही. ‘एक गोळी आधी देऊ, बाकी नंतर बघू’ ही घाई मला अजिबात पटत नाही.

सिल्डेनाफिल (व्हायग्रा) २४ तासांत किंवा त्याच जातीचं टाडालाफिल ४८ तासांत घेतलं असेल तर सॉर्बिट्रेट बंद म्हणजे बंद. बीपी धोकादायक कोसळतं. हा प्रश्न बायको-मुलांसमोर विचारू नका, त्यांना बाहेर पाठवा. टाडालाफिल प्रोस्टेटसाठीही देतात, त्यामुळे लाजण्याचं कारण नाही.

बीपी उतरवायला निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली पिळणं: बंद करा. त्याने झटका आणि पक्षाघात झालेले आहेत.

नाडी मंद ठेवणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्या, म्हणजे मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल ‘बीपी नॉर्मल आलं’ म्हणून मनानेच सोडू नका; अचानक सोडल्यावर छातीचं दुखणं उसळून येतं. या गोळ्यांवर असलेल्यांची नाडी बीपी पडलं तरी पळत नाही, त्यामुळे ‘नाडी ७० आहे, ठीक आहे’ यावर विसंबू नका. रुग्ण ही गोळी घेतो हे आम्हालाही माहीत असावं लागतं. तिच्यावर असलेल्याला वेरापामिलचं (धावणारे ठोके आवरायचं) इंजेक्शन दिलं तर ठोके फार मंदावू शकतात, कधी थांबूही शकतात. अशाच माणसाला तीव्र अ‍ॅलर्जीत अ‍ॅड्रिनलिन अपुरं पडलं तर ग्लुकागॉनचं इंजेक्शन काढावं लागतं.

म्हणून येताना स्ट्रिप्स पिशवीत टाकून आणा. ‘सकाळची पांढरी गोळी’ यावरून मला काही कळत नाही.