वॉपिंगचे नदीकाठचे जुने पब कसे बघायचे

लंडनला गेलात तर आधी थेम्सच्या ओहोटीची वेळ नेटवर बघा आणि त्या हिशोबानेच वॉपिंग स्टेशनला उतरा. टाउन ऑफ रॅम्सगेट पबला लागून असलेल्या बोळातून जुन्या दगडी पायऱ्या थेट नदीत उतरतात, खाली शेवाळ असतं, साध्या चपला घालून जाऊ नका हां. इथेच जवळपास चाच्यांना फासावर द्यायचे, कॅप्टन किडला १७०१ मध्ये दिलं, त्याने जहाज लुटलेलं ते आपल्या अरबी समुद्रात! मग प्रॉस्पेक्ट ऑफ व्हिटबी हा पब, गर्दी असली तरी आतली दगडी फरशी बघाच. तिथून ट्रेनने एकच स्टेशन, रॉदरहाइथ, गाडी जाते इंजिनिअर ब्रुनेलच्या, थेम्सखालच्या १८४३ च्या बोगद्यातून. मेफ्लॉवर पबच्या मागे लाकडी डेक आहे, तिथेच बसा. समोरच्या चर्चच्या आवारात १६२० ला इंग्रज वसाहतकऱ्यांना घेऊन अमेरिकेला गेलेल्या मेफ्लॉवर जहाजाच्या कॅप्टनला पुरलंय.