नवा हूक घालण्याआधी

लिनक्स कर्नलमध्ये एलएसएमचा (सुरक्षा मॉड्यूलांच्या चौकटीचा) नवा हूक, म्हणजे मॉड्यूलला परवानगी विचारायची जागा, घालायचा असेल तर एडिटर उघडण्याआधी एक वाक्य लिहून काढा: हा हूक कुणाला, काय करताना अडवणार? वाक्यात 'आणि' आलं तर बहुधा दोन हूक लागतील. तो वापरणारं निदान एक मॉड्यूल कर्नलच्या मुख्य झाडात (अधिकृत सोर्समध्ये) आहे ना, तेही बघा. नसेल तर पॅच परत येणार.

मग आर्ग्युमेंट. खरा वेळ इथेच जायला हवा. युजरस्पेसचा, म्हणजे प्रोग्रॅमच्या मेमरीचा, पॉइंटर हूकला देऊ नका. तपासणी झाल्यावर आणि वापर होण्याआधी दुसरा थ्रेड तिथला मजकूर बदलून मोकळा होतो. आधी कर्नलमध्ये कॉपी, मग तपासणी. पण द्यायचं काय? एसईलिनक्स हे मॉड्यूल फाइलचं लेबल बघतं, त्याला इनोड (कर्नलमधली फाइलची नोंद) पुरतो. टोमोयो आणि ॲपआर्मर ही मॉड्यूलं पाथवरून (फाइलच्या पूर्ण नावावरून) ठरवतात, आणि हार्ड लिंक असतील तर एकाच इनोडला चार नावं. त्यामुळे पाथचे हूक २००९ साली कर्नल २.६.२९मध्ये वेगळे घालावे लागले. तुमच्या मॉड्यूलला काय सोयीचं, यापेक्षा निर्णय कशावर होतोय ते बघून प्रकार निवडा.

परतीचं मूल्य: ० म्हणजे जाऊ द्या, नकार म्हणजे वजा ईॲक्सेस किंवा वजा ईपर्म हे एरर कोड. 'हो'साठी १ वगैरे कल्पकता नको. डीफॉल्ट मूल्य हूक जाहीर करणाऱ्या एलएसएम_हूक मॅक्रोच्या त्याच ओळीत लिहावं लागतं आणि ते दरवेळी ० नसतं. इनोड_गेटसिक्युरिटी या हूकचं वजा ईओपीनॉटसप ('ही सोय नाही') आहे. फाइलच्या मोड बिटांनी (नेहमीच्या वाचा-लिहा परवानग्यांनी) आधीच नकार दिला तर इनोड_परमिशन या हूकपर्यंत गोष्ट येतच नाही, म्हणून तिथे प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाची नोंद मिळेल ही आशा सोडा.

हूक कुठल्या लॉकखाली बोलावला जातो, झोपता (थांबून वाट बघता) येतं का, हे कॉमेंटमध्ये स्पष्ट लिहा. इनोड_परमिशन आरसीयू-वॉकमध्येही, म्हणजे पाथ शोधण्याच्या जलद, झोपायला मनाई असलेल्या वाटेवरही, येतो. तेव्हा हूकला मिळणाऱ्या मास्कमध्ये मे_नॉट_ब्लॉक हा बिट असतो. काम झोपल्याशिवाय होणार नसेल तर वजा ईचाइल्ड परत करायचं, व्हीएफएस (कर्नलचा फाइल-सिस्टिमचा थर) संथ वाटेने पुन्हा येतं. मी एकदा तिथे जीएफपी_कर्नलने, म्हणजे झोपू शकणाऱ्या पद्धतीने, मेमरी मागितली होती. माझ्या मशीनवर आठवडाभर सगळं गोड चाललं, डीबग पर्याय लावल्यावर लॉग लालभडक.

मेमरी घेणारा अलोक हूक असेल तर ती सोडणारा जोडीचा फ्री हूकही हवा. शेवटी कॉन्फिग_सिक्युरिटी बंद करून एकदा बिल्ड करा. तेव्हा हूकच्या जागी लागणारा रिकामा इनलाइन स्टब (काहीच न करणारं फंक्शन) हमखास विसरलेला असतो.