पक्ष्यांच्या आवाजावरून नातं जुळवताय? या चुका टाळा

दोन पक्ष्यांचा आवाज सारखा, म्हणजे ते एकमेकांचे भाऊबंद, असं धरून चालणं ही सर्रास होणारी चूक. शिकारी पक्षी डोक्यावरून गेला की इंग्लंडातले ब्लॅकबर्ड, चॅफिंच आणि ग्रेट टिट जवळपास एकसारखी बारीक 'सीऽऽ' काढतात. तिघांची कुळं वेगळी. पक्ष्यांच्या आवाजाचे अभ्यासक पीटर मार्लर यांनी १९५५ मध्ये याचं कारण मांडलं: उंच पट्टीतला, हळूच सुरू होऊन हळूच विरणारा आवाज नेमका कुठून आला हे शिकाऱ्याला पटकन कळत नाही. जीव वाचवायला ज्याने त्याने आपापल्या वाटेने तोच उपाय गाठला. बसलेल्या घुबडाला हुसकावताना मात्र पक्षी तुटक, खरखरीत ओरडतात. तेव्हा 'इथे आहे, या' हे सगळ्यांना कळायला हवं असतं. म्हणून नातं शोधताना धोक्याचे इशारे आधी बाजूला काढा.

दुसरी गफलत म्हणजे आवाज उपजत की शिकलेला, हे न विचारता तुलना करणं. कोकीळ कावळ्याच्या घरट्यात वाढतो, तरी मोठेपणी 'कुहू'च करतो. (तेही नरच. मादीचं नुसतं 'किक-किक-किक'. कवींना सांगून उपयोग नाही.) दयाळ मात्र ऐकून शिकतो. शिकताना होणारे फेरफार पुढच्या पिढीत उतरतात आणि मुलूख बदलला की बोली बदलते.

हे बदल कुठवर जातात ते ग्रीनिश वॉर्बलर, म्हणजे आपला हिरवट वटवट्या, दाखवतो. हिवाळ्यात महाराष्ट्रात येणारा, चिमणीहून लहान पक्षी. विणीला तो हिमालयात आणि तिबेटच्या पठाराभोवतीच्या जंगलांत असतो. हिमालयात त्याचं गाणं आखूड, साधं. पठाराला पश्चिमेकडून वळसा घालत उत्तरेला जावं तसं ते लांबत, गुंतत जातं. पूर्वेकडूनही तसंच, पण वेगळ्या धाटणीनं. सैबेरियात दोन्ही टोकं भेटतात, तेव्हा नर एकमेकांच्या गाण्याची दखलही घेत नाहीत. संशोधक डॅरेन अर्विन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये हे मांडलं. तेव्हा एका रेकॉर्डिंगवरून 'या जातीचा आवाज असा' असं ठोकून देऊ नका. ठिकाण, महिना आणि ती साधी हाक होती की गाणं, हे टिपा. आपल्याकडे हिवाळ्यात कानावर पडते ती बहुतेक वेळा त्याची हाकच.

सह्याद्रीत आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या ॲपने मिनिटभरात चार जाती दाखवल्या आणि आवाज एकाच झाडातून येत असेल, तर वर भृंगराज, म्हणजे कोतवालाचा भाऊबंद पक्षी, शोधा. हा पट्टीचा नकलाकार. श्रीलंकेच्या सिंहराज जंगलात त्याच्या नकला स्पीकरवर वाजवल्या, तर इतर जातींचे पक्षी गोळा झाले.

शहरातल्या आवाजाची पट्टी चढी निघाली म्हणून लगेच 'वेगळी उपजाती' म्हणू नका. नेदरलँड्सच्या लायडन शहरात गोंगाटाच्या भागातले ग्रेट टिट खालचे सूर टाळून गातात, हे २००३ मध्येच दिसलंय. आधी मागे गाड्या किती वाजतायत ते ऐका.