स्टेजवर एलएनटू ओतायच्या आधीची तयारी

टेक फेस्टला लोकांसमोर लिक्विड नायट्रोजनवर (एलएनटू) सीपीयू, म्हणजे कॉम्प्युटरचा मुख्य प्रोसेसर, ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा असेल तर निम्म्याहून जास्त काम आदल्या दिवशीच उरकलेलं पाहिजे. कारण मदरबोर्डाला थंडीपेक्षा पाण्याचा धोका जास्त, उणे १९६ डिग्रीचं नायट्रोजन सीपीयूवर बसवलेल्या तांब्याच्या पॉटमधे पडलं की हवेतला ओलावा सॉकेटभोवती (सीपीयू बसतो ती जागा) बर्फ होऊन बसतो, मग पॉट जरा गरम झाला की तेच पाणी रॅमच्या स्लॉटमधे उतरतं आणि खेळ खल्लास. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत तर विचारूच नका.

म्हणून सॉकेटच्या आजूबाजूला, रॅम स्लॉटपाशी आणि बोर्डाच्या मागच्या बाजूलाही इन्सुलेशन करायचं. आधी कन्फॉर्मल कोटिंग (बोर्डावर लावायचा पाणी न शिरू देणारा लेप) किंवा व्हॅसलीनचा थर, त्यावर एसीच्या पाइपवर असतो तो काळा फोम नीट कापून पॉटला घट्ट बसेल असा, कुठे फट राहू द्यायची नाही, आणि वरून टिशू पेपर. टिशू ओले झाले की लगेच बदलायचे. बाजूला एक छोटा फॅन चालू ठेवा, दव कमी साठतं. सीपीयू आणि पॉटमधे लावायची थर्मल पेस्ट खोल थंडीत टिकणारीच घ्या, तिच्याऐवजी लावतात तो पातळ धातू, लिक्विड मेटल, अजिबात नको, ते गोठतं.

मग घरी रिहर्सल, पण हवेशीर जागेत. पॉटमधे थर्मोकपल (तापमान मोजायची तार) लावून हळूहळू उणे ५०, उणे १०० असं खाली जायचं आणि बघायचं की चिप कुठे हँग होते, यालाच कोल्ड बग म्हणतात आणि तो प्रत्येक चिपचा वेगळा असतो. तो आकडा माहीत असला की स्टेजवर घाम फुटत नाही, तापमान फार खाली गेलं तर गॅसच्या टॉर्चने पॉट थोडा गरम करायचा. बेंचमार्क, म्हणजे वेग मोजायची चाचणी, सुरू झाला की ओतायचं आणि लोड संपत आला की हात आखडता घ्यायचा, कारण लोड गेला की तापमान धाडकन पडतं. मल्टिप्लायर, म्हणजे सीपीयूचा वेग ठरवणारा आकडा, एकेक पायरीनेच वाढवा. २०२२ मधे आसुसच्या टीमने इंटेलचा १३९००के प्रोसेसर ९ गिगाहर्ट्झच्या वर नेला तो नायट्रोजनपेक्षाही खूप थंड अशा लिक्विड हेलियमवर, त्यामुळे तो आकडा डोक्यात ठेवून व्होल्टेज देऊ नका.

आता माणसांचं, आणि इथे तडजोड नाहीच. १ लिटर नायट्रोजनचा जवळपास ७०० लिटर गॅस होतो, तो ऑक्सिजनला बाजूला सारतो आणि त्याला वासही नसतो, म्हणून बेसमेंट किंवा बंद एसी रूम नको, मोठा हवेशीर हॉलच मागा आणि ऑक्सिजन मीटर टेबलावर ठेवा. गावाकडे गाईंच्या कृत्रिम रेतनासाठी जनावरांचे डॉक्टर जो कंटेनर आणतात त्यातही हेच नायट्रोजन असतं, त्याचं झाकण सैल का असतं ते त्यांना विचारा, कोणत्याही फ्लास्कचं झाकण घट्ट लावलं तर प्रेशरने तो फुटतो. बंद गाडीतून न्यायचं नाही, आणि लिफ्टमधे कंटेनरसोबत माणूस नको. गॉगल, सैल क्रायो ग्लोव्हज (अतिथंडीसाठीचे हातमोजे) आणि बंद बूट हवेतच, साधे सुती हातमोजे भिजले की थंडी कातडीला चिकटवून ठेवतात. टेबलापासून दोन-तीन मीटरवर दोरी बांधा आणि तापमान मोठ्या स्क्रीनवर दाखवा म्हणजे लोक वाकून बघायला पुढे येणार नाहीत, लहान मुलं तर धूर धरायलाच धावतात. हातावर ओतून दाखवायचा आग्रह कोणी केला तर सरळ नाही म्हणा.

संपलं की पॉट रूम टेंपरेचरला येऊ द्या, फोम काढा आणि बोर्ड फॅनसमोर पूर्ण वाळेपर्यंत पॉवर देऊ नका. उरलेलं नायट्रोजन बेसिनमधे ओतू नका, पाइप तडकतात, बाहेर मोकळ्यावर लोकांपासून लांब ठेवून उडून जाऊ द्या.