हळव्या मनाने चिनी पुराणकथांवरच्या कादंबऱ्या वाचताना

क्रौर्याचे एखादे पान वाचले की ज्यांची त्या रात्रीची झोप उडते, अशा वाचकांनी चिनी पुराणकथांवर बेतलेल्या कल्पनारम्य कादंबऱ्यांच्या वाटेला जाऊच नये, असा सल्ला पुष्कळदा दिला जातो. मला तो पटत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात वाढलेल्या माणसाने सौंदत्तीच्या यल्लम्माची, म्हणजेच रेणुकेची, कथा कळायला लागल्यापासून ऐकलेली असते. बापाच्या आज्ञेवरून मुलगा आईचे शिर उडवतो आणि बापाने दिलेल्या वरातून तिला पुन्हा जिवंत करून घेतो. ही कथा काही सौम्य नाही, पण पुढे काय होणार हे आधीपासून ठाऊक असल्यामुळे ती आपल्याला सोसते.

हीच सोय चिनी कथांच्या बाबतीत स्वतःसाठी करून घ्यावी. कादंबरी उघडण्यापूर्वी तिच्या मुळाशी असलेली कथा थोडक्यात वाचून घ्यावी. शेवट कळल्याने गोडी कमी होते, ही समजूत निदान हळव्या वाचकाने तरी बाजूला ठेवावी. नेझाची कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. मिंग काळातल्या ‘फेंगशेन यानयी’ या कादंबरीत नेझा पूर्व समुद्राच्या नागराजाच्या मुलाला ठार करतो, त्याचे प्रायश्चित्त आईवडिलांवर येऊ नये म्हणून आपला देह कापून मांस आणि हाडे त्यांना परत करतो, आणि पुढे त्याचे गुरू कमळापासून त्याला नवे शरीर घडवून देतात. कमळाचा हा भाग ठाऊक नसलेल्या वाचकाला देहत्यागाचे पान असह्य होते. ठाऊक असेल तर त्याच पानावर बापलेकांमधले ऋण आणि रोष यांच्याकडे लक्ष जाते, आणि रेणुकेची कथा ऐकलेल्यांना तो पेच नवा नाही.

ओळखीच्या खुणा शोधायलाही हरकत नाही. नेझा हे नाव कुबेरपुत्र नलकूबराच्या नावावरून आले, असे अभ्यासक मानतात. सातव्या शतकात भारतात येऊन दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्राचे वर्णन लिहून ठेवणारा ह्युएन त्संग हाच पुढे वानरराज सुन वुकोंगच्या कथेतला यात्रेकरू भिक्षू झाला; त्या पुलकेशीची राजधानी बदामी तर आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे. मात्र ओळख पटली म्हणून दोन देव एक करू नयेत. सुन वुकोंगला हनुमान समजून वाचणाऱ्याला त्याचा उद्दामपणा पानोपानी खटकतो, कारण हा वानर स्वर्गाशीच भांडतो आणि त्यापायी पाचशे वर्षे डोंगराखाली अडकून पडतो. तसेच चिनी नाग, म्हणजे ‘लोंग’, हा पाऊस देणारा आहे. तो दिसला की संकट आले असे धरून चालल्यास मन विनाकारण धास्तावते.

नावांचा गोंधळही थकवा आणतो. आडनाव आधी येते, आणि रोमन लिपीतला एक्स ‘श’च्या व क्यू ‘छ’च्या जवळ उच्चारायचा, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ सोपे होते.

खरी सावधगिरी लागते ती पुराणकथेच्या वस्त्रात इतिहास आलेला असतो तेव्हा. आर. एफ. क्वांग यांची 2018 सालची ‘द पॉपी वॉर’ ही कादंबरी सुरुवातीला एका लष्करी विद्यालयातल्या अनाथ मुलीची गोष्ट वाटते, आणि त्या ओघात आपण निर्धास्त होतो. पण पुढे त्यात डिसेंबर 1937 मध्ये जपानी सैन्याने नानजिंग शहरात सुरू केलेल्या हत्याकांडावर आधारलेले प्रकरण येते. इथे शेवट आधी कळल्याने दिलासा मिळत नाही, कारण या मृतांना कमळातून नवा देह मिळत नाही. असे पुस्तक हाती घेण्यापूर्वी त्यात युद्धातील अत्याचार, बलात्कार किंवा आत्मघात यांची वर्णने आहेत का, आणि कोणत्या प्रकरणात आहेत, हे ते वाचलेल्या माणसाला सरळ विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

ते प्रकरण आलेच तर दिवसाउजेडी, घरात माणसांचा वावर असताना वाचावे; रात्री अंथरुणात तर नकोच. दोन पानांत जीव घाबरा झाला तर तिथेच खूण घालून पुस्तक मिटावे, वगळलेल्या पानांत कोण वाचले आणि कोण गेले एवढेच त्याच माणसाकडून चहा घेताना ऐकून घ्यावे, आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या प्रकरणापासून वाचन सुरू करावे.