देशी वनातून चांगले इमारती लाकूड मिळवण्यासाठी विरळणी कशी करावी

जपानच्या सुमारे दोन तृतीयांश भूमीवर जंगल आहे आणि त्या जंगलापैकी जवळपास ४० टक्के, म्हणजे साधारण १ कोटी हेक्टर, माणसाने लावलेले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर उघड्या पडलेल्या डोंगरांवर तिथे सुगी आणि हिनोकी या सूचिपर्णी झाडांची प्रचंड लागवड झाली. ती झाडे अजून कोवळी असतानाच १९६४ साली लाकडाची आयात खुली झाली, बाहेरचे लाकूड स्वस्त पडू लागले आणि २००२ मध्ये देशाच्या एकूण गरजेतील देशी लाकडाचा वाटा १९ टक्क्यांच्याही खाली उतरला. झाडे उभी होतीच, पण त्यांची निगा राखणारे हात कमी झाले होते. पुढे तो वाटा पुन्हा ४० टक्क्यांच्या आसपास आला, तरी मधल्या दशकांत दाटीतच वाढलेल्या झाडांचे नुकसान कोणत्याही धोरणाने पूर्ण भरून निघत नाही.

ब्रिटनची स्थिती वेगळी होती. पहिल्या महायुद्धात लाकडाची टंचाई भासली आणि १९१९ मध्ये तिथे वनआयोग स्थापन झाला, तेव्हा जेमतेम ५ टक्के भूमीवर झाडी उरली होती. आज ती १३ टक्क्यांच्या घरात असूनही बहुतांश लाकूड बाहेरूनच येते. जिथे जंगलच कमी आहे तिथे आयात टाळता येत नाही, हे मान्य करावे लागते. मात्र जिथे लावलेली वने उभी आहेत आणि तरीही फळ्या बाहेरून आणाव्या लागतात, तिथे सर्वांत आधी विरळणीकडे, म्हणजे दाट वनातील काही झाडे काढून उरलेल्यांना जागा व उजेड देण्याकडे पाहावे, असे माझे ठाम मत आहे. पुढील मार्गदर्शन एकाच वेळी लावलेल्या, एकाच वयाच्या झाडांच्या वनासाठी आहे. जुन्या नैसर्गिक जंगलाला हे हिशेब लावू नयेत. तोडीसाठी लागणारी परवानगी कुऱ्हाड उचलण्यापूर्वीच घ्यावी.

वनाला विरळणी हवी आहे का, हे आधी डोळ्यांनी तपासावे. आत शिरल्यावर भर दुपारीही अंधारल्यासारखे वाटते, जमिनीवर गवत किंवा झुडूप दिसत नाही, नुसता पालापाचोळा आणि पावसाने उघडी पडलेली मुळे दिसतात, ही दाटीची लक्षणे आहेत. वाऱ्याने पडलेले एखादे झाड असेल तर त्याचा बुंधा आडवा कापून कापलेली बाजू नीट पाहावी. मध्याजवळची वर्तुळे रुंद असतात आणि बाहेर येता येता ती इतकी दाटतात की नखाच्या टोकाने एकेक वेगळे करावे लागते. ज्या वर्षापासून वर्तुळे अरुंद झाली, त्याच वर्षाच्या सुमारास शेजारच्या झाडाचा फांद्या-पानांचा डोलारा याच्या डोलाऱ्याला भिडला, असे समजावे. विरळणी खरे तर तेव्हाच व्हायला हवी होती.

डोळ्यांच्या अंदाजावर तोड ठरवू नये, मोजमाप करावे. वनातील सरासरी दिसणाऱ्या जागी खुंटी ठोकून ५.६४ मीटर लांबीची दोरी तिच्याभोवती फिरवली की १०० चौरस मीटरचे वर्तुळ मिळते. त्यातील झाडांची संख्या गुणिले १०० म्हणजे एका हेक्टरमधील झाडे. अशी निदान चार-पाच वर्तुळे वेगवेगळ्या जागी घ्यावीत. रस्त्याकडेची आणि काठावरची झाडे सोडावीत, कारण त्यांना उजेड अधिक मिळतो आणि ती फसवतात. उतारावर दोरी जमिनीला टेकवून न धरता आडवी, पातळीत धरावी. प्रत्येक झाडाचा घेर जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर मोजावा, उतारावर तो वरच्या बाजूने घ्यावा. घेराला ३.१४ ने भागले की जाडी मिळते.

उंची मोजण्यास महागडे उपकरण लागत नाही. डोळ्यापासून मुठीपर्यंतच्या अंतराइतकीच लांब काठी मुठीच्या वर राहील अशी, हात सरळ पुढे करून उभी धरावी आणि मुठीची वरची कड बुंध्याशी व काठीचे वरचे टोक शेंड्याशी जुळेपर्यंत मागे सरकावे. सपाट जमिनीवर आपले झाडापासूनचे अंतर हीच झाडाची उंची.

आता एक उदाहरण पाहू. सरासरी १२ झाडे प्रत्येक वर्तुळात, म्हणजे हेक्टरी १,२००, सरासरी जाडी २० सेंटिमीटर आणि उंची १८ मीटर आहे. १०,००० चौरस मीटरला १,२०० ने भागून वर्गमूळ काढले की दोन झाडांतील सरासरी अंतर सुमारे २.९ मीटर येते, ते उंचीच्या १६ टक्के झाले. हे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास असावे. १७ च्या खाली दाटी आणि १४ च्या खाली अतिदाटी समजावी. दोन्ही मापे मीटरमध्ये घेऊन उंचीला जाडीने भागल्यास येथे ९० हा आकडा येतो. सूचिपर्णी झाडांत तो ८० च्या वर गेला की वारा आणि बर्फ यांनी झाड मोडण्याचा धोका वाढू लागतो. २० टक्के गाठण्यासाठी हेक्टरी सुमारे ७७० झाडे ठेवावी लागतील, म्हणजे ४३० काढावी लागतील. पण एवढी सडपातळ झाडे एकदम मोकळी केली तर पहिल्याच वादळात ती आडवी होतात, कारण आजवर ती एकमेकांच्या आधाराने उभी होती. म्हणून पहिल्या फेरीत ३०० झाडे काढून ९०० ठेवावीत आणि पाच वर्षांनी पुन्हा मोजावे. तोवर उंची २० मीटरपर्यंत गेली असेल तर लक्ष्यही खाली सरकून ६२५ वर आलेले असेल. एका फेरीत एकतृतीयांशाहून अधिक झाडे काढू नयेत.

कोणते झाड काढायचे, हा या कामातील सर्वांत कठीण निर्णय आहे आणि तो घाईने घेतला की पुढच्या ५० वर्षांचे नुकसान होते. सुरुवात काढायच्या झाडापासून न करता ठेवायच्या झाडापासून करावी. सरळ खोड, एकच शेंडा, सालीवर जखम नाही, आणि हिरवा डोलारा एकूण उंचीच्या निदान एकतृतीयांश, असे झाड दिसले की त्यावर रंगाचा पट्टा ओढावा. हेक्टरी शंभर-दीडशे अशी झाडे ठरली की प्रत्येकाखाली उभे राहून वर पाहावे आणि ज्या एका-दोन झाडांचे डोलारे त्याला भिडले आहेत, त्यांवर तोडीची खूण करावी. तोडीची संख्या पूर्ण करताना मग वाकडी, दुभंगलेली आणि रोगट झाडे घ्यावीत. खाली दबलेले बारीक झाड कोणाच्या आड येत नसेल तर त्याला राहू द्यावे, कारण त्याच्या सावलीमुळे चांगल्या झाडाच्या खोडावर नवे फुटवे येत नाहीत. खूण करणाऱ्याने प्रत्येक झाडाभोवती एक पूर्ण फेरी मारावी. एका बाजूने सरळ दिसणारे खोड दुसऱ्या बाजूने वाकलेले निघते. उत्तम झाडे आज विकून निकृष्ट झाडे उद्यासाठी ठेवणे, याला विरळणी म्हणू नये. अशा तोडीने तात्पुरता पैसा हाती येतो, आणि मागे उरते ते वन पुढे कधीही चांगल्या फळ्या देऊ शकत नाही.

जमीन कोरडी व टणक असताना, पक्ष्यांच्या विणीचा काळ टाळून तोड करावी. वाढीच्या हंगामात साल सैल असते आणि ओढलेला ओंडका उभ्या झाडाला घासला तरी ती सोलून निघते. त्या जखमेतून शिरलेली कूज लाकडाच्या सर्वांत मोलाच्या, बुंध्याकडच्या भागात पसरते. ओंडके ओढण्याचे मार्ग आधी आखावेत, सुमारे २० मीटर अंतराने, आणि यंत्र त्या मार्गाबाहेर नेऊ नये. प्रत्यक्ष पाडण्याचे काम प्रशिक्षित माणसानेच करावे. पडण्याच्या दिशेला जाडीच्या सुमारे एकचतुर्थांश खाच घेऊन मागून काप देताना जाडीच्या एकदशांश इतके लाकूड बिजागरीसारखे अखंड ठेवावे लागते, आणि झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरे कोणी असता कामा नये. दाट वनात कापलेले झाड शेजारच्या झाडावर अडकते, त्याच्याखाली क्षणभरही जाऊ नये.

ठेवलेल्या झाडांच्या खालच्या फांद्या टप्प्याटप्प्याने पाच-सहा मीटरपर्यंत छाटाव्यात, मात्र हिरव्या डोलाऱ्याचा निम्म्याहून अधिक भाग कायम ठेवावा. छाटणीनंतर वाढणारे लाकूड गाठीविरहित असते. काप फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेरून घ्यावा.

इथवर सगळे नीट झाले तरी देशी लाकूड बहुधा एका ठिकाणी हरते, आणि ते ठिकाण म्हणजे वाळवणी. सुतार आयात फळी मागतो, कारण ती ठरलेल्या मापाची आणि वाळलेली असते. घरात बसवल्यावर ती पिळत नाही. लाकडातील ओलावा ३० टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत ते आकसत नाही, त्याखाली उतरू लागले की आकसते, म्हणून ओली फळी विकणे म्हणजे ग्राहकाच्या घरात भेगा विकणे होय. कापलेल्या फळ्या छपराखाली, जमिनीपासून निदान हातभर उंच, दर अर्ध्या मीटरवर सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचाव्यात. पट्ट्या एकाखाली एक, सरळ ओळीत आल्या पाहिजेत, नाहीतर फळी तिथेच वाकते. टोकांना रंग लावावा, वर वजन ठेवावे आणि एक नमुना फळी दर आठवड्याला तोलावी. वजन घटायचे थांबले की फळी हवेत जितकी वाळू शकते तितकी वाळली. घरातल्या कामासाठी ८ ते १२ टक्के ओलावा हवा असल्यास पुढे भट्टीतच वाळवावे लागते.

किती तोडावे याची मर्यादा वनच सांगते. १७१३ साली सॅक्सनीतील खाण अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी लिहून ठेवले की जितके वाढते तितकेच तोडावे. त्यांच्या खाणी आणि भट्ट्या लाकूड संपल्यामुळे बंद पडण्याच्या बेतात होत्या. आपल्या उदाहरणात सर्व खोडांचे काटछेद, म्हणजे खोड आडवे कापल्यास दिसणाऱ्या गोलांची क्षेत्रफळे, मिळून हेक्टरी सुमारे ३८ चौरस मीटर होतात. त्याला उंचीने आणि खोड निमुळते असल्यामुळे अंदाजे ०.५ ने गुणले की ३४० घनमीटर लाकूड उभे आहे, असे कळते. पाच वर्षांनी हाच हिशेब पुन्हा करावा, मधल्या काळात तोडलेले त्यात मिळवावे, आजचा आकडा वजा करावा आणि पाचने भागावे. आलेली संख्या ही त्या वनाची वार्षिक वाढ आहे. करवतीखाली गेलेल्या ओंडक्याचा साधारण निम्माच भाग फळी होऊन बाहेर येतो, हेही खरेदीदाराला शब्द देण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

म्हणून पहिल्या दिवशी ठोकलेल्या खुंट्या काढू नयेत. त्यांना रंग लावावा, प्रत्येकीची जागा वहीत लिहावी आणि वर्तुळातील प्रत्येक झाडाला क्रमांक द्यावा, म्हणजे पाच वर्षांनी दुसरा कोणी मोजायला आला तरी तो त्याच झाडांचा, त्याच उंचीवरचा घेर मोजेल.