कार्बन फायबरचा ट्रायपॉड घेताय? या चुका टाळा

‘कार्बन आहे म्हणजे भक्कमच असणार’ असं फोर्टातल्या बोरा बाजारात गिऱ्हाईक म्हणतं आणि काउंटरपलीकडचा माणूसही मान डोलावतो. कार्बन फायबरचा गुण जरा वेगळा आहे. तेवढ्याच ताठपणासाठी ॲल्युमिनियमपेक्षा वजन कमी लागतं, आणि थरथर सुरू झाली तरी ती लवकर जिरते. गिट्झो कंपनीने १९९४ साली कार्बनचा पहिला ट्रायपॉड आणला, तेव्हापासून त्यासाठी मोजलेले जास्तीचे पैसे मुख्यतः खांद्याच्या सुखासाठीच आहेत. भक्कमपणा ठरतो तो नळीची जाडी, पायांचे कप्पे (एकात एक सरकणाऱ्या नळ्या), वरचा सांधा आणि हेड (कॅमेरा धरून फिरवणारा भाग) यांच्यावर. फसगतही तिथेच होते.

खोक्यावरचे आकडे वाचून घेणं

‘१० लेअर कार्बन’, ‘लोड २५ किलो’ असं खोक्यावर ठळक छापलेलं असतं. लोड कसा मोजायचा याचा सगळ्या कंपन्यांना लागू असा एक दंडक नाही, ज्याची त्याची पद्धत. शिवाय २५ किलो ठेवले तर मोडणार नाही, एवढंच त्यातून कळतं. दोन किलोचा कॅमेरा वाऱ्यात अर्धा सेकंद स्तब्ध राहील का, हे कळत नाही. लेअरचंही तेच. धागे कोणत्या दिशेने घातलेत आणि नळीची भिंत किती जाड आहे, हे थरांच्या संख्येइतकंच महत्त्वाचं, पण ते कोणी छापत नाही.

बघायचा तो व्यास. भिंतीची जाडी तीच असेल तर नळीचा ताठपणा साधारण व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. २२ मिमीच्या नळीपेक्षा २८ मिमीची नळी दुपटीने ताठ, आणि ३२ मिमीची जवळपास तिपटीने. दुकानातल्या दिव्याखाली हा फरक डोळ्यांना फारसा जाणवत नाही, म्हणून खिशात छोटी टेप ठेवा.

आणि वरच्या नळीवर थांबू नका, सगळ्यात खालची मोजा. एकात एक जाणाऱ्या नळ्या दर कप्प्याला तीनेक मिमीने बारीक होत जातात. वर २८ मिमी असेल तर तीन कप्प्यांच्या पायाचा शेवट २२ मिमीच्या आसपास होतो, पाच कप्प्यांच्या ‘ट्रॅव्हल’ पायाचा १६ वर. जाहिरातीत मात्र दोन्ही ‘२८ मिमी’च. सॅकच्या बाजूच्या खिशात मावतो म्हणून पाच कप्प्यांचा घेणारे पुष्कळ, आणि मग खालचा कप्पा कधी उघडायचाच नाही अशी सवय लावून घेणारेही तेवढेच. उघडायचाच नाही तर वाहायचा कशाला?

माझं सरळ मत सांगतो. मिररलेस बॉडी (आरसा नसलेला हलका कॅमेरा), वाइड लेन्स आणि पाठीवर घेऊन गड चढायचा, तर २८ मिमी आणि चार कप्पे. ७०-२००सारखी जड लेन्स किंवा रात्रीचं आकाश असेल तर ३२ मिमी. २२ मिमीचा घ्यायचा तर फक्त हलका कॅमेरा आणि छोट्या लेन्ससाठी.

दुकानात दांडी धरून हलवणं आणि ‘मस्त आहे’ म्हणणं

हलवून काही कळत नाही. आपला कॅमेरा आणि आपली सगळ्यात जड लेन्स घेऊन जा. सगळे पाय पूर्ण उघडा, सेंटर कॉलम (मधली वर-खाली होणारी दांडी) खालीच ठेवा. लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवरचं चित्र) दहापट मोठा करून समोरच्या दुकानाच्या पाटीवरचं एखादं अक्षर पकडा आणि लेन्सला बोटाने हलकी टिचकी मारा. अक्षर नाचेल, मग थांबेल. थांबायला किती वेळ लागतो ते मोजा. शेजारी दुसरा ट्रायपॉड उभा करून हीच टिचकी मारली की दोन मिनिटांत दूध का दूध होतं.

मग कॅमेरा काढा, वरची चकती दोन्ही हातांनी धरून डावी-उजवी पिळा. पाय जिथे वरच्या सांध्याला जोडलेले असतात तिथे खुळखुळ जाणवली तर बोल्ट ढिले असतील. ते षटकोनी चावीने आवळून पुन्हा पिळून बघा. तरीही हलत असेल तर तो माल ठेवून द्या. नळ्या उत्तम आणि सांधा हलका, असा माल बाजारात भरपूर आहे, कारण ‘कार्बन’ हा शब्द नळीवर लिहिलेला असतो, सांध्यावर नाही.

चुंबक लावून कार्बनची परीक्षा घेणारे भेटतात. त्याचा उपयोग नाही, ॲल्युमिनियमलाही चुंबक चिकटत नाही. एसीच्या दुकानात नळीला हात लावा; ॲल्युमिनियम चटकन गार लागतं, कार्बन तितकं लागत नाही. खालचा रबरी पाय निघत असेल तर काढून नळीची कड बघा. नुसतं विणकामाचं डिझाइन चिकटवलेलं असेल तर कडेला उघडं पडतं.

उंची सपाट फरशीवर मोजणं

उंची पाच फूट आठ इंच धरली तर डोळे साधारण १६० सेंटिमीटरवर येतात. त्यातून हेडचे दहा आणि कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरपर्यंतचे सात-आठ वजा करा. उरले १४२-१४३. एवढी उंची सेंटर कॉलम न उचलता मिळायला हवी. कॉलम वर काढला की तीन पायांच्या डोक्यावर एक बारीक काठी उभी राहते आणि व्यासाचं सगळं गणित वाया जातं. कॉलमसकट १६५ अशी छापलेली उंची म्हणूनच धरायची नाही.

राजगडाच्या संजीवनी माचीवर किंवा कुठल्याही उतारावर उभं राहिलं की उताराकडचे पाय जास्त लांब लागतात. दोन पाय उताराच्या बाजूला आणि एक चढाला, हा बेत सहसा टिकतो. उलटं केलंत तर जड लेन्ससकट सगळं दरीकडे कलतं. कॉलम काढता येणारा, पाय तीन वेगवेगळ्या कोनांत फाकणारा ट्रायपॉड असेल तर कासच्या सड्यावर कॅमेरा फुलांच्या उंचीपर्यंत खाली आणता येतो.

कासचं नाव निघालंच आहे तर, तिथे पायांना लोखंडी स्पाइक (टोकदार खिळे) लावू नका. जांभ्यावरचा मातीचा थर अगदी पातळ आहे, तो उकरला की त्यातली रोपं गेली. रबरी पाय वापरा आणि वाट सोडून आत शिरू नका. स्पाइकचं काम ओल्या गवताच्या, चिखलाच्या उतारावर. घट्ट कातळावर ते घसरतात.

वारा आला की कॉलमच्या हुकाला सॅक टांगणं

हे सगळेच सांगतात, अर्धंच सांगतात. कोकणकड्यावर खालून वर येणारा वारा असतो, त्यात टांगलेली सॅक झुलते आणि प्रत्येक झोक्याबरोबर कॅमेराही हलवते. सॅक जमिनीला जेमतेम टेकेल एवढी खाली सोडा, म्हणजे वजनही मिळतं आणि झुलणंही थांबतं. त्याआधी कॅमेऱ्याचा पट्टा काढून खिशात घाला. फडफडणारा पट्टा हे धूसर फोटोचं सगळ्यात दुर्लक्षित कारण आहे. लेन्स हूड काढा, बारीक नळ्यांचे खालचे कप्पे मिटवा, उंची गुडघ्यापर्यंत आणा. हलका कार्बन वाऱ्यात आपल्या वजनावर तग धरत नाही, ही त्याची पडती बाजू, आणि ती मान्य करूनच काम करावं लागतं.

एवढं करूनही फोटो हललेला दिसतो? दोन सेकंदांचा टायमर लावला होता का, ते बघा. लेन्स किंवा बॉडीतलं स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) बंद करून बघा. काही जुन्या लेन्स ट्रायपॉडवर स्वतःच हलत राहतात. डीएसएलआर असेल तर आरसा आधी उचलण्याची सोय वापरा. आणि पायाखाली काय आहे ते तपासा. लाकडी मचाण किंवा लोखंडी पूल असेल तर शेजारून कोणी चाललं तरी हादरा बसतो, तिथे ट्रायपॉडला दोष देऊन उपयोग नाही.

पायांवर सगळे पैसे घालून हेडला आखडता हात

स्वस्त बॉल हेडची (गोळ्यावर फिरणाऱ्या हेडची) खोड एकच: फ्रेम जुळवून आवळलं की कॅमेरा पुढे किंचित झुकतो. मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढताना याने जीव नकोसा होतो. घेताना लेन्स लावून, आवळून, स्क्रीनवर अक्षर किती सरकतं ते बघा. कॅमेऱ्याच्या तळाला लावून हेडवर बसवायची प्लेट आर्का-स्विस पद्धतीची घ्या, पुढे हेड बदललं तरी ती चालते. उभ्या फ्रेमसाठी हेड बाजूला पाडण्यापेक्षा कॅमेऱ्याला एल-ब्रॅकेट (तळ आणि बाजू दोन्हीकडून हेडवर बसणारी एल आकाराची प्लेट) लावा; वजन मधोमध राहतं आणि प्लेट फिरतही नाही. १५०-६००सारखी लेन्स असेल तर बॉल हेडचा नाद सोडून जड लेन्स तोलून धरणारं गिंबल हेड बघा.

ताडोब्यासाठी म्हणून ट्रायपॉड घेणार असाल तर थांबा. जिप्सीत तीन पाय फाकवायला जागा नसते आणि उतरायला परवानगी नसते. तिथे बीन बॅग, म्हणजे लेन्स टेकवायची कापडी पिशवी. रिकामी न्यायची, चंद्रपुरात तांदूळ भरून घ्यायचे.

समुद्रावरून आल्यावर तसाच गुंडाळून ठेवणं

कार्बन गंजत नाही, स्क्रू आणि बोल्ट गंजतात. हरिहरेश्वरच्या खडकांवर पाण्यात उभा करायचा असेल तर नेहमीच्या उलट करा: सगळ्यात खालचा कप्पा आधी पूर्ण उघडा, म्हणजे कप्पे आवळणारे लॉक पाण्याच्या वर राहतात. लाट परतताना पायाखालची वाळू नेते, म्हणून लांब एक्स्पोजरआधी पाय दाबून रोवून घ्या. घरी आल्यावर पाय उघडे ठेवून गोड्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा.

ट्विस्ट लॉक करकरत असेल तर आत वाळू गेली आहे. जोर लावून फिरवू नका, आटे झिजतील. लॉक पूर्ण सोडून नळी बाहेर ओढा. नळीच्या वरच्या टोकाला प्लॅस्टिकच्या दोन पातळ पट्ट्या दिसतील. त्या कुठल्या बाजूने बसल्या होत्या याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण उलट्या बसवल्या की लॉक धरत नाही. जुन्या ब्रशने आटे साबणाच्या पाण्यात घासा, कोरडे करा, फक्त आट्यांवर ग्रीसचा बारीक हात फिरवा. पट्ट्यांना किंवा नळीला ग्रीस लागलं की लॉक आवळूनही पाय हळूहळू खाली बसतो. ‘नवा ट्रायपॉड घसरतोय’ या तक्रारीमागे कधी कधी घरच्या हौशी सर्व्हिसिंगचं हेच ग्रीस असतं.

ठोक्याची आणि विजेची पर्वा न करणं

ॲल्युमिनियमच्या नळीला पोचा पडतो, कार्बनला तडा जातो. पाय मधोमध धारदार दगडावर आपटला किंवा जीपच्या टपावर दोरीने करकचून आवळला की आतले थर सुटू शकतात आणि बाहेर फक्त एक पांढुरकी रेघ दिसते. त्या जागी नाणं वाजवा. बाकी नळीपेक्षा आवाज बद्द आला तर तो पाय बदलायचा. तुटलेल्या कडेवरून बोट फिरवू नका, कुसळं शिरतात आणि सहज निघत नाहीत.

काजव्यांसाठी मे अखेर-जूनमध्ये भंडारदरा किंवा पुरुषवाडीला जाता, तेच वळवाचे दिवस. कार्बन वीजवाहक आहे. उघड्या माळावर गडगडाट ऐकू आला की स्टॅकिंगसाठी (एकावर एक रचून एक फोटो करायला) काढलेले सगळे फोटो विसरायचे, ट्रायपॉड तिथेच ठेवून गाडीत किंवा पक्क्या घरात जायचं. झाडाखाली नको.

रायगड, दौलताबाद, अजिंठा-वेरूळ इथे ट्रायपॉड लावायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. ती आधीच काढा, गेटवरच्या पहारेकऱ्याच्या हातात काही नसतं.

वापरलेला ट्रायपॉड स्वस्तात मिळत असेल तर बिचकू नका, जाड नळीचा जुना माल बारीक नळीच्या नव्यापेक्षा केव्हाही बरा. फक्त तिन्ही पाय पूर्ण उघडा, प्रत्येक लॉक आवळा, वरून शरीराचं थोडं वजन टाका आणि कुठला पाय खाली बसतो का बघा. लॉकच्या पट्ट्या आणि रबरी पाय सुटे मिळतात का, हे त्याच मॉडेलच्या नावाने आधी शोधून मगच पैसे द्या.